नरसिंहरावांच्या घरची पुडी

त्या घराची पायरी मी एका दिवसात दोनदा चढले. सकाळी चढले तेव्हा माझी मान ताठ होती. संध्याकाळी काय झाली ते पुढं येईलच.

चौसष्ट सालची संक्रांत, मंगळवार. आम्ही कानडी मुलखात, कॉटनपेटात राहतो. किती पिढ्या ते विचारू नका. पुण्याकडच्या कुणी मूळ गाव विचारलं तर आम्ही कॉटनपेटच सांगतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि रागावल्यावर दोन्ही. आमचे हे म्हैसूरच्या घोडदळात होते. आता घोडं नाही, पण रस्त्यानं जटका गेला की त्याच्या घोड्याला अजून नावं ठेवतात. मी गोजराबाई. तिसरीपर्यंत शिकले. मराठी अक्षर लावत लावत वाचते. कानडी बोलते, वाचता येत नाही, आणि येत नाही म्हणून माझं काही अडत नाही, असं त्या दिवसापर्यंत सगळ्यांना ऐकवत होते.

माझा मुलगा विठोजी एका कानडी दैनिकात बातमीदार. सभेत बसून भाषणं उतरवणाऱ्यांतला नव्हे. लोकांनी झाकून ठेवलेलं हा उघडं करतो. लहानपणी मी लाडवांचा डबा कुठंही ठेवला तरी शोधून काढायचा, तोच गुण पुढं पोटापाण्याला लागला. दिवाळीच्या आधी त्यानं बाळंतिणींच्या एका इस्पितळाची बातमी छापली. मुदत संपलेल्या इंजेक्शनांच्या खोक्यांवरची तारीख ब्लेडनं खरवडायची आणि वर नवा शिक्का मारायचा, असा धंदा तिथं चालला होता. दोन बाळंतिणी दगावल्या होत्या. बातमी आली, गावात बोंब झाली, दोन कारकून घरी बसले. औषधांचा ठेकेदार होता तिथंच राहिला. मग चौकशी बसली. चौकशीच्या साहेबानं पहिलं काय विचारावं? तारखा कुणी खरवडल्या ते नाही. विठोजीला हे आतलं कुणी सांगितलं, ते.

सांगितलं होतं यल्लव्वानं. इस्पितळातली आया. नवरा नाही, दोन पोरी, राहायला इस्पितळाच्याच आवारात एक खोली. तिचं नाव फुटलं असतं तर नोकरी आणि खोली एकाच दिवशी गेली असती, आणि ठेकेदाराची माणसं कशी आहेत ते सगळ्या पेटेला ठाऊक होतं. हे नाव विठोजीला ठाऊक आणि मला. ती माझ्याच चुलीपुढं बसून बोलली होती. मी तिला उप्पीट वाढलं होतं. तिनं एक घास घेतला नाही.

एक दिवस विठोजी जेवताना म्हणाला, "अव्वा, महिनाअखेरपर्यंत नाव द्या असं पत्र आलंय."

"मग?"

"देणार नाही."

"मग?"

"पत्रकार संघ पाठीशी राहिला तर निभेल. एकट्याला चिरडतील."

संघाचं मंडळ नऊ जणांचं. चार म्हणत होते, सभासदाच्या पाठीशी राहू. चार म्हणत होते, सरकारशी कशाला वाकडं, नाव देऊन मोकळा हो म्हणावं. नववा माणूस बदली होऊन मद्रासला गेला होता. त्या एका जागेची निवडणूक संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. तिला विठोजी उभा राहिला. समोर उभे राहिले नरसिंहराव. संध्याकाळच्या पेपराचे संपादक, बसवनगुडीत बंगला, पिकलेल्या मिशा, आणि पेपराच्या मागच्या पानावर रोज त्याच ठेकेदाराच्या औषधदुकानाची जाहिरात. म्हणजे ती जागा कुणाची झाली की यल्लव्वाचं काय होणार, हे मला तिसरीच्या शिक्षणातसुद्धा कळत होतं.

विठोजीनं मला बजावलं होतं, "माझ्यासाठी कुणाच्या दारात जायचं नाही हं. कुणाच्या घरी काही वस्तू नेऊन मत मागितलं तर संघाच्या नियमात बसत नाही."

"मी कशाला मत मागू? मागायची सवय आपल्या घराण्यात कुणाला आहे?"

तो सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि गेला. त्यानं संक्रांतीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

संक्रांतीला आमच्या इथं एळ्ळु वाटतात. तीळ, गुळाचे बारीक खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळवं, आणि वर साखरेचा अच्चा, साच्यातून काढलेला हत्ती नाहीतर पोपट नाहीतर तुळशीवृंदावन. बायका घरोघर जाऊन पुड्या देतात. मी तीस वर्षं वाटते आहे. पुडीला मी वर्तमानपत्राचा कागद लावत नाही. त्याची शाई साखरेला लागते, आणि मेलेल्यांच्या बातम्यांत सणाचं गोड बांधणं मला पटत नाही. म्हणून वर्षभर मी एका बाजूनं कोरे असलेले कागद जमवते. कोरी बाजू बाहेर, लिहिलेली आत; हाताची सुकलेली शाई साखरेला लागत नाही. कॅलेंडरांच्या पाठी, जुनी पत्रं, विठोजीच्या टेबलाखालची टाकाऊ पानं. सपाट राहावेत म्हणून सगळे माझ्या गादीखाली. त्या गादीला माझ्याशिवाय घरात कुणी हात लावत नाही. सून प्रेमानं एकदा लावला होता. नंतर नाही लावला.

त्या वर्षी मी नेहमीच्या घरांत सोळा घरं वाढवली. सोळाच्या सोळा संघातल्या पत्रकारांची. प्रेमा एळ्ळु मापून देत होती, मी पुड्या बांधत होते. तिच्या लक्षात आलंच.

"आत्याबाई, ही घरं सगळी यांच्या संघातली दिसतात."

"मग? त्यांच्यात संक्रांत नसते का?"

"यांनी सांगितलं होतं ना, कुणाच्या घरी..."

"मत मागायला जाऊ नको म्हणाला. मी तोंड उघडणार नाही. पुडी देईन, कुंकू लावून घेईन, येईन. त्यातनं कुणाला काही आठवलं तर मी काय करू?"

ती गप्प बसली. प्रेमाच्या गप्प बसण्यात पुष्कळ बोलणं असतं, ते मी ऐकत नाही.

शेवटी दोन-तीन कागद उरले. त्यातल्या एकाच्या पाठीतून जांभळा डाग उमटला होता, अंगठ्याएवढा. प्रेमा लांबून म्हणाली, "तो नको, डागाचा आहे."

"टाकतेस कशाला? हा नरसिंहरावाच्या घरी जाईल. त्यांना शोभेल."

आणि मी हसले. हो, हसले. वर चोच मोडलेला पोपट होता, तोही त्यातच घातला. आतल्या बाजूला काय आहे ते बघितलं नाही. बघितलं असतं तरी कानडी अक्षरं मला मुंग्यांसारखीच दिसली असती. दोरा गुंडाळून माझी गाठ मारली. ही गाठ आमच्या ह्यांनी शिकवलेली, घोडं बांधायची. ओढली तर घट्ट बसते, टोकाला हिसका दिला की सुटते. माझ्या पुड्या गावात त्या गाठीवरून ओळखतात.

सकाळी मी आणि प्रेमा घरं फिरलो. नरसिंहरावांच्या घरी त्यांची बायको तुंगाबाई पुढं आली. बारीक अंगाची, हळू बोलणारी, नवऱ्याच्या चपलांचा आवाज आला की पदर सावरणारी. तिनं पुडी दोन्ही हातांनी घेतली.

"देवापुढं ठेवते अक्का. दिवा लागल्यावर उघडते. आमच्याकडं तशी रीत आहे."

"सावकाश उघडा. घाई काय आहे," मी म्हटलं. मान ताठ ठेवूनच पायऱ्या उतरले.

साडेचारच्या सुमाराला विठोजी घरी आला. आल्या आल्या माझ्या खोलीत गेला आणि गादी उचलल्याचा आवाज आला. मी ओरडणार होते, तेवढ्यात तोच बाहेर आला.

"अव्वा, गादीखालचे कागद?"

"पुड्यांना लागले. तुला काय करायचेत?"

"सगळे?"

"दोन उरलेत, फडताळात. काय झालं?"

तो फडताळाकडं धावला, दोन्ही कागद उलटेपालटे केले आणि खाली टाकले. "ऑफिसातला माझा खण कुणीतरी फोडला होता. म्हणून परवा मी एक कागद तुझ्या गादीखाली सरकवला. म्हटलं, तिथं देवसुद्धा हात घालणार नाही."

"कसला कागद?"

"यल्लव्वाचं सांगणं. मी लिहून घेतलेलं. खाली तिचं नाव आणि अंगठा."

अंगठा. जांभळा. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

"मला विचारायचं नाहीस?" मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"तू ते कागद पुड्यांना वापरतेस हे मला काय ठाऊक?"

"जन्मल्यापासून माझ्या पुड्यांतलं एळ्ळु खातोस! कागद कधी बघितला नाहीस? अख्ख्या गावाचं बघतोस!"

तो हळूच म्हणाला, "कुणाच्या घरी गेला असेल? वाड्यातल्याच कुणाच्या ना?"

प्रेमानं माझ्याकडं बघितलं. ती बोलली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं. ती बोलली नाही, म्हणून मलाच बोलावं लागलं.

"नरसिंहरावांच्या."

विठोजी खाली बसला. खुर्ची होती, पण तो जमिनीवर बसला. सोळा घरांचं त्यानं विचारलं नाही, तेही मग प्रेमाकडून त्याला कळलं असावं. त्या वेळी फक्त म्हणाला, "मी जातो."

"तू गेलास तर पुडीत काहीतरी आहे हे ते लगेच ओळखतील. दिवा लागेपर्यंत ती देवापुढं आहे. मी जाते."

"काय सांगशील?"

"ते माझं मी बघेन. जटका आण."

सूर्य खाली आला होता. आमचे हे ओट्यावरून ओरडले, "त्या घोड्याचा डावा पाय बघ, लंगडतंय ते!" मी म्हटलं, लंगडू दे, पळू दे. चामराजपेट ओलांडेपर्यंत ठीक होतं. पुढं रस्त्यात गवळ्यांनी पेंढा पेटवला होता. संक्रांतीला संध्याकाळी गुरं रंगवून, शिंगांना फुगे बांधून जाळावरून उडवतात. शंभर माणसं गोळा, ढोल, धूर. जटकेवाला म्हणाला, "स्वल्प थांबा अव्वा, चार गाई राहिल्यात." मी मोजल्या. नऊ होत्या. एक गाय जाळापुढं पाय रोवून उभी राहिली, हलेना. मी दरवर्षी ते बघून हात जोडते. त्या दिवशी मी त्या गाईला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

बंगल्याशी उतरले तेव्हा पश्चिमेला अजून तांबडं होतं. ओसरीवर नरसिंहराव वेताच्या खुर्चीत, आणि शेजारी कॉफी पीत दुसरा माणूस. मी त्याला ओळखलं. रोज मागच्या पानावर त्याचा फोटो असायचा. तोच ठेकेदार.

"काय गोजराबाई, परत?" नरसिंहराव म्हणाले. आमचं बोलणं कानडीतच झालं. "सकाळी येऊन गेलात असं ऐकलं."

"तुंगाबाईंशी काम होतं. सकाळच्या पुडीत मोडका अच्चा गेला. सणाचं मोडकं देऊ नये. बदलून देते." मी येताना धडधाकट हत्ती पदराला बांधून आणला होता.

तुंगाबाई दारात आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, हत्तीकडं बघितलं आणि आत गेली. पुडी घेऊन आली आणि माझ्या दिशेनं दोन पावलं टाकली. नरसिंहरावांनी बसल्या बसल्या हात पुढं केला.

"बघू इकडं."

तिनं हात आखडला नाही, पण पुडी लगेच दिलीही नाही. त्यांनी ती तिच्या बोटांतून काढून घेतली. तळहातावर ठेवून वजन करावं तशी वरखाली केली. डाग माझ्या बाजूला होता.

"पन्नास वर्षांत एळ्ळु बदलून द्यायला आलेलं माणूस मी बघितलं नाही," ते ठेकेदाराला म्हणाले. "तुम्ही बघितलंय?"

"कॉटनपेटाची रीत असेल," तो म्हणाला आणि कॉफीत हसला.

"खरं काय ते सांगा गोजराबाई." आणि त्यांचं बोट दोऱ्याशी चाळा करायला लागलं.

त्या बोटाकडं बघताना मला कळलं की हत्तीनं भागणार नाही. त्यांना माझ्या येण्याचं कारण हवं होतं, आणि पटेल असं हवं होतं. माझ्याविषयी त्यांना कुठली गोष्ट झटकन पटली असती? ज्यानं त्यांच्या मिशा वर गेल्या असत्या, ती. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

"खरं सांगते. सकाळी बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून निमित्त काढून आले."

"कशाचं धाडस?"

"माझ्या पोरासाठी ती जागा सोडा. तुमचं काय अडतंय? तुम्ही मोठे आहात. पुडी दिली ती त्यासाठीच दिली." आणि मी हात जोडले. देवापुढं जोडते तेवढे वर नेले.

नरसिंहराव हसले. पोटातून हसले.

"ऐकलंत? घोडदळाची बायको. पुन्हा बोला गोजराबाई, ह्यांना कमी ऐकू येतं."

मी पुन्हा बोलले. शब्दाला शब्द तेच. दुसऱ्यांदा बोलताना माझी नजर तुंगाबाईच्या पायांवर होती. तिच्या जोडव्यांतलं एक वाकडं होतं, ते अजून आठवतं.

"मूठभर तिळाला नरसिंहराव विकत मिळत नाही," ते म्हणाले आणि पुडी माझ्या पायांशी फेकली. "घेऊन जा. आणि पोराला सांगा, रविवारी सभेत मी हे सांगणार आहे. नियम सगळ्यांना सारखा."

मी वाकले. वाकताना गुडघा वाजला. पुडी उचलली, पदरात बांधली, हत्ती तुंगाबाईच्या हातावर ठेवला. तिचा हात गार होता. पायऱ्या उतरताना मागून ठेकेदार काहीतरी म्हणाला आणि दोघं पुन्हा हसले. हसा, मी मनात म्हटलं. हसा मेल्यांनो.

जटक्यात बसल्यावर पदर सोडला. दोऱ्याची गाठ माझी नव्हती.

साधी निरगाठ होती, दोनदा मारलेली. सोडायला दात लावावे लागले. आत कागद तोच, अंगठा तोच, चोच नसलेला पोपट तोच. पण मधे कुणीतरी पुडी उघडली होती.

घरी येऊन मी विठोजीला दोनच गोष्टी सांगितल्या. कागद आणला, आणि गाठ माझी नाही. कशी आणली ते सांगितलं नाही. त्यानं विचारलं, मी म्हटलं, "मागितली, दिली."

"गाठ बदलली म्हणजे नरसिंहरावांनी वाचलाय."

"वाचला असता तर परत का दिला?"

"नाव कळल्यावर कागदाची गरज काय?" तो बराच वेळ कागद हातात धरून उभा होता. कोर्टात जायची वेळ आली असती तर त्याच्याजवळ तेवढाच पुरावा होता. मग तो न्हाणीघरात गेला आणि पाण्याच्या हंड्याखालच्या जाळात त्यानं तो सरकवला. बुधवारी पहाटे जाऊन त्यानं यल्लव्वाला सांगितलं. तिनं पोरींना होसकोट्याला बहिणीकडं धाडलं. स्वतः गेली नाही. म्हणाली, मी गेले तर मीच ती हे त्यांना न सांगता कळेल. पाच दिवस ती रोज कामावर गेली, आणि पाच दिवस मी दारात पावलं वाजली की उठून बघत होते.

रविवारी मी म्हटलं, मी येणार. विठोजी नको म्हणाला. मी जटक्यात आधीच जाऊन बसले.

सभा एका शाळेच्या सभागृहात होती. बायकांना आत जागा नव्हती, आणि बायका नव्हत्याच. मी व्हरांड्यात खिडकीशी बाकावर बसले. अध्यक्ष भीमसेन म्हणून म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी दोन्ही नावं वाचली आणि कुणाला काही बोलायचंय का विचारलं. नरसिंहराव उठले. मी खिडकीचा गज धरला. आता हा माणूस यल्लव्वाचं नाव घेणार. दोन अक्षरं ऐकली की उठायचं आणि इस्पितळ गाठायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"मला सांगायला लाज वाटते," नरसिंहराव म्हणाले, "पण संक्रांतीच्या दिवशी विठोजीरावांच्या आई सोळा सभासदांच्या घरी एळ्ळु घेऊन फिरल्या. माझ्याकडं तर दोनदा आल्या. हात जोडून म्हणाल्या, पोरासाठी जागा सोडा. साक्षीदार आहे."

आणि ते खाली बसले. एवढंच.

मी गज सोडला. ह्यांना ठाऊक नाही. ह्यांनी पुडी उघडलीच नव्हती.

आत मात्र विठोजी ताडकन उठला होता. "खोटं आहे! माझी अव्वा कुणापुढं हात जोडत नाही. तुमच्याच काय, महाराजांपुढंही जोडले नसते. ती तुमच्याकडं गेली ती वेगळ्या..."

तो थांबला. सगळी सभा त्याच्याकडं बघत होती.

"वेगळ्या काय?" नरसिंहरावांनी मान वळवली. "बोला ना. कशासाठी आल्या होत्या मग?"

त्या माणसाच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा संशय आला. पुडी आठवली असावी. विठोजी आता काहीही बोलला असता, तरी संशय त्या पुडीकडंच गेला असता.

"जोडले," मी खिडकीतून म्हटलं. मोठ्यानं. घोडदळातल्या माणसाबरोबर संसार केला की आवाज लागतो. "मीच जोडले. मागितली जागा. पोराला ठाऊक नव्हतं. त्यानं नको सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आईला आपला पोर मोठा व्हावासा वाटतो. दुसरं काय?"

कुणीतरी हसलं. भीमसेनांनी टेबलावर हात आपटला. विठोजीनं माझ्याकडं बघितलं आणि मंगळवारी मी पुडी कशी आणली ते त्याला त्या क्षणी कळलं. त्याचा चेहरा मला बघवला नाही. तो हळूच खाली बसला.

नंतर चिठ्ठ्या पडल्या. नरसिंहराव अडतीस, विठोजी एकोणीस.

जटका कॉटनपेटाच्या वळणाशी आला तेव्हा तो म्हणाला, "दोनदा म्हणायला लावलं का गं तुला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांना मी ओळखतो."

"समोर बघ," मी म्हटलं. "घोडं लंगडतंय का बघ."

मंडळानं पाच विरुद्ध चार मतांनी त्याला नाव द्यायला सांगितलं. त्यानं दिलं नाही. चौकशीच्या साहेबानं तीनदा बोलावलं, तीनदा तो तेच सांगून आला. सरकारी कचेऱ्यांत शिरायचा त्याचा पास वर्षभरासाठी काढून घेतला. त्या वर्षात त्यानं लालबागेतल्या फुलांच्या प्रदर्शनावर आणि कडलेकाईच्या जत्रेतल्या शेंगांवर लिहिलं. माझ्यापुढं कधी कुरकुरला नाही, प्रेमापुढं कुरकुरला असेल. चौकशी नावाशिवाय संपली. ठेकेदाराला काही झालं नाही. मात्र खोकी उघडताना आता डॉक्टरसुद्धा तारीख बघून सही करतात, असं यल्लव्वा सांगते. तिच्या पोरी होळीच्या आधी होसकोट्याहून परत आल्या.

आणि माझ्यावर गावात गोष्ट फिरली. गोजराबाई, जी कुणाला दारात उभं करत नव्हती, ती बसवनगुडीत जाऊन पाया पडली. पाया पडली असंच सांगायचे, हात जोडले कुणी म्हणायचं नाही. बाजारात बायका माझ्याशी फार गोड बोलायला लागल्या. त्या गोड बोलण्याचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही.

पासष्टच्या संक्रांतीला विठोजीनं पांढऱ्या कागदांचं आख्खं बंडल आणून माझ्यापुढं ठेवलं. मी पुड्या बांधत होते. दाराशी जटका थांबला आणि तुंगाबाई उतरली. एकटी. हातात एळ्ळुची थाळी.

प्रेमानं पाट मांडला. तुंगाबाई बसली. तिनं थाळीतली पुडी मला दिली.

"गाठ तुमच्यासारखी जमली नाही अक्का. त्या दिवशीही पुष्कळ प्रयत्न केला होता."

मी पुडी उलटून बघितली. साधी निरगाठ, दोनदा मारलेली.

"देवापुढं ठेवताना दोरा कशाला तरी अडकला आणि पुडी आपोआप सुटली. तीळ सांडले. ते भरायला कागद उचलला..." ती खाली बघत होती. "मला वाचता येतं. यांना वाटतं, मी फक्त पंचांग वाचते."

"यल्लव्वाचं नाव वाचलंस?"

"वाचलं. मी म्हटलं, दिवा लागायच्या आत तुम्ही येणार. आला नसतात तर तो कागद हंड्याखाली जाळात घातला असता. तुम्ही आलात तेव्हा तुमच्याच हातात द्यायला निघाले होते. यांनी मधेच घेतली." मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही हात जोडले तेव्हा मला बोलता आलं नाही अक्का. वर्षभर तेच डोळ्यांपुढं आहे."

मला पुष्कळ काही बोलता आलं असतं. तिच्या नवऱ्याच्या मिशांवरच मी दुपार काढली असती. पण ती बाई नवऱ्याच्या नकळत जटका करून कॉटनपेटात आली होती, आणि परत जाऊन तिला कारण सांगायचं होतं.

"प्रेमा, दोऱ्याचं रीळ आण," मी म्हटलं. "आणि तुंगाबाई, तू सरकून बस इकडं, उजेडात. पहिला वेढा अंगठ्याभोवती घ्यायचा. असा नव्हे. असा."